गाडी पंधरा वर्षं चालवायची असेल तर: कंपनी पारखण्यापासून आरटीओच्या फेरीपर्यंत

माझ्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक दोनशेपानी वही आहे. पहिल्या पानावर २००९च्या दसऱ्याची तारीख, किलोमीटर ११, आणि खाली बायकोच्या अक्षरात ‘हार, पेढे, लिंबू, नारळ’ असा खर्च. सध्याच्या पानावर आकडा दोन लाख चौदा हजारांवर गेलाय आणि नोंद आहे, ‘डावीकडचा लिंक रॉड बदलला, खडखड बंद’. एवढ्या वर्षांत ओळखीतल्या निदान पंधरा-वीस जणांनी गाडी घेण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारला, "टिकाऊ कंपनी कुठली?" सुरुवातीला मी नाव सांगून मोकळा व्हायचो. आता उलट तीन प्रश्न विचारतो: किती वर्षं ठेवणार, रोज किती चालवणार, आणि तुझा मिस्त्री कोण?

तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतात. गाडीच्या टिकाऊपणाचा निम्मा हिशेब मात्र तिथेच लागतो.

आधी वर्षं ठरवा

चार-पाच वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. वॉरंटीच्या काळात बहुतेक गाड्या नीट चालतात. आवडेल तो रंग, आवडेल तो सनरूफ घ्या.

जास्त वर्षं ठेवणाऱ्याने मात्र एकदा कागदावर गणित मांडावं. समजा गाडी रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख लागले. पाच वर्षांनी ती साडेचार लाखांना गेली, तर किंमत उतरण्यातच वर्षाला एक लाख दहा हजार गेले. तीच पंधरा वर्षं ठेवून शेवटी एक लाखाला विकली, तर वर्षाला साठ हजार. फरक पन्नास हजारांचा. म्हणजे जुनी गाडी सांभाळताना दरवर्षी सरासरी पन्नास हजार जास्तीचे गेले तरी तुम्ही बरोबरीत आहात. माझ्या वहीत तेवढा खर्च एकाच वर्षी झालाय, क्लच, शॉकअप आणि चार टायर एकदम आले तेव्हा. बाकीची वर्षं त्याच्या आसपासही गेली नाहीत.

या गणितात एक गोष्ट येत नाही. गाडी खर्चीक असणं वेगळं आणि दगा देणारी असणं वेगळं. दर दोन वर्षांनी सस्पेन्शनचे बुश मागणारी गाडी खर्चीक आहे, पण ती आधी आवाज करून सांगते. चालता चालता फ्युएल पंप बंद पडून रात्री आंबोली घाटात उभी राहणारी गाडी वर्षभर एक रुपया मागत नसेल, तरी ती दगा देणारी. जास्त वर्षांसाठी गाडी निवडताना पहिलीला माफ करावं, दुसरीला नाही.

बिल्ला सोडा, बोनेटखालचं बघा

एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आतून एकच असतात. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो, सुझुकीच्याच गुजरातच्या कारखान्यातून येते. टोयोटा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्वालिस आणि इनोव्हा येते. त्या नावावर ग्लान्झा घेणाऱ्याला चांगलीच गाडी मिळते, पण ती इनोव्हाच्या पुण्याईची नव्हे.

म्हणून प्रश्न कंपनीचा नको, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडीचा हवा. ही जोडी बाजारात किती वर्षं आहे, किती गाड्यांमध्ये बसली आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात, धुळीत, ट्रॅफिकमध्ये किती किलोमीटर झाली आहे? फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. ते पुंतो आणि लिनियामध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टात होतं, आणि मारुतीने २००७पासून स्विफ्टमध्ये व पुढे डिझायरमध्ये घातलं. २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल सोडलं तोवर गाडीवेडे लोक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत होते. आजही त्याचा टर्बो किंवा टायमिंग चेन तालुक्याच्या गावात मिळते आणि बसवणारा हातही मिळतो. एखादं इंजिन इतक्या ठिकाणी पसरलं की त्याची दुखणी गॅरेजच्या पोरालाही पाठ होतात.

शोरूममध्ये जाण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून ठेवा. टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची लय जुळवून ठेवायला, चेन आहे की बेल्ट? बेल्ट वाईट नसतो, पण ठरलेल्या किलोमीटरला किंवा ठरलेल्या वर्षांनी तो बदलावाच लागतो. डस्टरमधलं १.५ लिटरचं डिझेल बेल्टचं आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि अर्धं इंजिन उघडावं लागतं. सेकंड-हँड गाडी घेताना बेल्ट कधी बदलला याचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजून किंमत पाडा.

गिअरबॉक्सवर मात्र मी जास्त वेळ घालवीन, कारण गेल्या दहा वर्षांत खरी परीक्षा तिथे सुरू झाली आहे. मॅन्युअलचं दुखणं क्लचप्लेटपुरतं. एएमटी, म्हणजे २०१४मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला प्रकार, हा मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं असतं. झटके देतो, पण दुरुस्ती समजण्यासारखी आहे. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक, सगळ्यात जुना आणि सोशिक. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, गुळगुळीत चालतो, फक्त त्याचं ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेलंच हवं. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात, आणि त्यात ड्राय (कोरडा) आणि वेट (ऑइलात बुडालेला) असे दोन प्रकार येतात. ड्राय क्लचला हवेशिवाय थंडावा नाही. हिंजवडीच्या संध्याकाळी इंच-इंच सरकणाऱ्या गर्दीत तो तापतो, आणि वॉरंटी संपल्यावर त्याचं बिल ऐकून माणूसही तापतो. रोजचा रस्ता तसा असेल तर ड्राय ड्युअल क्लचची गाडी पंधरा वर्षांसाठी मी घेणार नाही, चालवायला कितीही मजा येवो.

डिझेलचंही एक सांगतो. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला इंजिन नीट तापून काही वेळ एका वेगात चालावं लागतं. घर ते शाळा ते भाजी मंडई एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर आणि त्यात हायवे असेल तरच डिझेल. पेट्रोल टर्बो चालेल, पण मग ऑइल बदलायला ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल पंधरा वर्षांचा पुरावा आपल्याकडे कुणाकडेच नाही. नेक्सॉन ईव्ही बाजारात आली ती २०२०मध्ये. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांच्या पुढे कशी आहे आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, हे छापील कागदावर वाचूनच ठरवा.

पुरावा कुठे शोधायचा

परदेशी याद्यांचा फार उपयोग होत नाही. अमेरिकेत जे. डी. पॉवर या सर्वेक्षण कंपनीचा अहवाल तीन वर्षं जुन्या गाड्यांमध्ये दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजतो. त्यात ब्लूटूथ नीट जोडला जात नाही ही तक्रार आणि गिअरबॉक्स बसला ही तक्रार, दोन्ही एकेकच मोजल्या जातात. शिवाय गाड्या तिकडच्या आणि रस्तेही तिकडचे. आपला पुरावा आपल्या स्टँडवर असतो.

पहिली जागा टुरिस्ट गाड्यांचा स्टँड. गाडी उभी राहिली की ज्याची चूल थंड पडते, तो माणूस जाहिरात बघून गाडी घेत नाही. स्टँडवर वर्षानुवर्षं इनोव्हा, डिझायर, इटिऑस, अर्टिगा का दिसल्या याचं उत्तर तिथल्या ड्रायव्हरकडे असतं. विचारताना "गाडी कशी आहे" असं विचारू नका, तो "एक नंबर" म्हणेल. "दोन लाख किलोमीटरच्या आत सगळ्यात मोठं काम कुठलं निघालं?" असं विचारा. मग तो बसून सांगतो. फक्त एक ध्यानात ठेवा: स्टँडवरची गाडी रोज तापते, रोज लांब धावते. तुमची गाडी आठवड्यातून तीनदा चार किलोमीटर जाणार असेल तर तिची दुखणी वेगळी, बॅटरी उतरणं, ब्रेक गंजून चिकटणं, उंदीर.

दुसरी जागा स्वतंत्र गॅरेज, कुठल्याही कंपनीचा बोर्ड नसलेलं. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात रविवारी सकाळी जा. माझ्या मिस्त्रीच्या दारात आठ-दहा गाड्या असतात. त्याला मी एकदा विचारलं, "यातली कुठली तुझ्या भावाला घेऊ देशील?" त्याने हात पुसत एका लहान पेट्रोल गाडीकडे मान वळवली आणि म्हणाला, "हिच्यावर माझं पोट भरत नाही, म्हणून ती." मग बॅटरी टर्मिनल घासता घासता एका महागड्या गाडीकडे बोट केलं. "आणि हिच्या एका सेन्सरला तीन आठवडे झाले. पार्ट येतोय म्हणतात." सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर तुम्हाला हे कधी सांगणार नाही.

मिस्त्रीचंही सगळं खरं मानू नका. त्याच्याकडे फक्त बिघडलेल्या गाड्या येतात, आणि ज्या गाड्या रस्त्यावर जास्त त्याच त्याच्या दारातही जास्त. ज्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याचा हात बसलेला नाही, तिला तो ‘बेकार’ म्हणून टाकतो.

तिसरी जागा जुन्या गाड्यांच्या जाहिराती. तुम्ही नवीन घेणार तेच मॉडेल, पण आठ-दहा वर्षांपूर्वीचं, बाजारात किती आहे आणि किती किलोमीटरवर विकलं जातंय ते बघा. दीड-पावणेदोन लाख किलोमीटरच्या बऱ्याच गाड्या अजून चांगल्या भावात दिसत असतील तर ती खूण चांगली. जवळजवळ सगळ्या साठ-सत्तर हजार किलोमीटरच्या आसपासच विकायला निघत असतील, तर लोक कुठल्या तरी खर्चाच्या आधी पळ काढतायत.

रिकॉलची बातमी आली की लोक बिचकतात. मला उलट वाटतं. जुलै २०२०मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या आणि पंप फुकट बदलून दिले. चूक सगळ्यांची होते. ती कोण जाहीरपणे मान्य करतं आणि किती लवकर, हे पाहायचं. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण इथे आठवावं. तिच्या इन्फ्लेटरमधलं रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होतं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. आपल्याकडे होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ, सिव्हिकसारख्या गाड्या त्यासाठी टप्प्याटप्प्याने परत बोलावल्या गेल्या. मुंबई, रत्नागिरी, पणजी ही सगळी उष्ण-दमट गावं. तिथे यातली जुनी गाडी घेत असाल तर कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून इन्फ्लेटर बदललाय का ते पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे.

कंपनी राहील का, आणि नाही राहिली तर

आपल्या राज्याने हे जवळून पाहिलंय. जनरल मोटर्सने २०१७च्या शेवटी भारतातली विक्री बंद केली. तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फियाटच्या गाड्या रांजणगावात बनायच्या, त्याही गेल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. निसानने डॅटसन २०२२मध्ये गुंडाळली. त्याआधी देवू होती, मॅटिझवाली. यातल्या बऱ्याच गाड्या चांगल्या होत्या, काही तर अजून मालकांच्या जीव की प्राण आहेत.

कंपनी गेल्यावर इंजिनाचे पार्ट सहसा अडत नाहीत. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग हे बाहेरच्या कंपन्या बनवतात. अडतं ते पत्र्याचं, प्लास्टिकचं आणि काचेचं. पुंतोचं मल्टिजेट इंजिन कुठेही दुरुस्त होईल, पण तिचा हेडलाइट फुटला की पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि मग ओळखीपाळखी असा शोध सुरू होतो. म्हणून गाडी ठरवण्याआधी एक दिवस फोनवर घालवा. कंपनीच्या पार्ट काउंटरला सात वस्तूंचा भाव आणि किती दिवसांत मिळेल ते विचारा: हेडलाइट, पुढचा बंपर, बाहेरचा आरसा, क्लच सेट, फ्युएल पंप, एसीची कूलिंग कॉइल, स्टिअरिंग रॅक. "स्टॉकला आहे" आणि "ऑर्डर टाकावी लागेल" यांचं प्रमाण लिहून ठेवा. सातपैकी चार ऑर्डरवर असतील, तर दहाव्या वर्षी काय होईल याची कल्पना तुम्हाला आजच आली.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. तिची शेवटची टॅक्सी म्हणून नोंदणी ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ती ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. बनवणारी कंपनी त्याच्या कितीतरी आधी गाड्या बनवायची थांबली होती. ती वीस वर्षं तिला पार्टवाल्यांनी आणि मिस्त्र्यांनी ओढली.

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न, ‘तुझा मिस्त्री कोण?’, पुन्हा वाचा. घरापासून तीस किलोमीटरच्या आत त्या गाडीवर हात बसलेला माणूस नसेल, तर चांगली गाडीही तुमच्यासाठी चांगली नाही. नागपुरात सोपी असलेली गाडी देवगडात अवघड असू शकते.

वही कशी ठेवायची

गाडी घरी आली की वही सुरू करा. फोनमधलं अ‍ॅप चालेल, पण फोन बदलला की ते जातं; वही ग्लव्ह बॉक्समध्येच राहते. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला पार्ट, कंपनीचा की बाहेरचा, पार्टचे पैसे वेगळे, लेबर वेगळी. पेट्रोलचा अ‍ॅव्हरेज महिन्यातून एकदा, टाकी फुल टू फुल भरून. अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरायला लागला की काहीतरी सुरू झालंय, एअर फिल्टर, टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, ऑक्सिजन सेन्सर. तो आकडा लिहिलेला नसेल तर ते ‘हळूहळू’ कळतच नाही.

पहिल्या पाच वर्षांत फार काही नसतं. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. किलोमीटर झाले नाहीत म्हणून दोन वर्षं तेच ऑइल ठेवणारे बरेच आहेत, आणि कमी चाललेल्या गाडीचं इंजिन खराब होतं ते असंच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि घाटात उतरताना तापलं की पेडल मऊ पडतं. महाबळेश्वर, आंबा घाट, वरंध असे रस्ते नेहमीचे असतील तर यात आळस करू नका. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या. बोअरच्या पाण्याने टॉप-अप केलं तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, आणि पाच वर्षांनी चढावर तापमानाचा काटा वर जायला लागला की माणूस थर्मोस्टॅटला दोष देतो.

टायरवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर रबर कडक होतं. नवीन टायर घेतानाही हा आकडा बघा. दुकानात दोन वर्षं पडलेला माल पुढ्यात सरकवला जातो.

सर्व्हिस सेंटरच्या बिलात काही ओळी दरवेळी वाढतात: इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. एका ठिकाणी मला वीस हजार किलोमीटरला थ्रॉटल साफ करायला सांगितलं, तीस हजारला पुन्हा. मी ओनर्स मॅन्युअल उघडून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, यात कुठल्या पानावर आहे? ती ओळ बिलातून गेली. मॅन्युअलमध्ये नसलेलं काम तक्रार असेल तरच करा. मॅन्युअलमध्ये असलेलं मात्र एकही टाळू नका, आणि वॉरंटी संपेपर्यंत सगळी बिलं कंपनीच्याच सेंटरची असू द्या. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑइलला कुणी ‘लाइफटाइम’ म्हणालं, तर कुणाच्या आयुष्याबद्दल बोलतोय ते विचारा. पंधरा वर्षं ठेवायची तर ते ऑइल मधे बदलावं लागतं.

सातव्या वर्षाचा चढ

सात ते दहा या वर्षांत रबर एकदम म्हातारं होतं. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, कूलंटचे पाइप, दारांची बीडिंग, ड्राइव्ह शाफ्टचे बूट. त्याच सुमाराला क्लच, शॉकअप, एसीची कॉइल येते. या टप्प्यावर गाडी जुनाट वाटायला लागते आणि लोक विकतात. खरं तर सगळं रबर एकदा बदललं की स्पीड ब्रेकरवर गाडी पुन्हा घट्ट वाटते. माझ्या गाडीचं हे काम एका वर्षात तीन टप्प्यांत केलं: आधी गाडी थांबवू शकणारं (कूलंट पाइप, बेल्ट, बॅटरी), मग सुरक्षेचं (ब्रेक, बॉल जॉइंट, टायर), शेवटी आरामाचं. पैसे कमी असतील तर हाच क्रम ठेवा. बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या पार्टमध्ये डुप्लिकेट माल घेऊ नका, बंपरच्या क्लिपा हव्या तेवढ्या घ्या.

जुन्या पेट्रोल गाडीवाल्यांसाठी आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, हा एक विषय वाढला आहे. ई-२०साठी योग्य सामग्रीच्या गाड्या २०२३पासून यायला लागल्या. त्याआधीच्या, ई-१० धरून ट्यून केलेल्या चारचाकीचा अ‍ॅव्हरेज ६-७ टक्क्यांनी उतरू शकतो असं नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच होतं. माझ्यासारख्या २००९च्या गाडीवाल्याने वर्षातून एकदा इंधनाचे रबरी पाइप आणि जोड हाताने चाचपून बघावेत. चिकट, फुगलेला किंवा भेगाळलेला पाइप दिसला की लगेच बदला. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर अधूनमधून फिरवून ताजं पेट्रोल भरा.

कोकण आणि गोव्यातल्या गाड्यांचा शत्रू वेगळा, गंज. पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवायची. दारांच्या खालच्या कडेला आणि वायपरखालच्या जाळीत पाणी निघायची भोकं असतात; आंब्या-फणसाची पानं कुजून ती बुजतात आणि पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं. एक जुनी टूथपिक पुरते.

आम्हा कोल्हापूर-सांगलीकरांना २०१९ आणि २०२१चे पूर शिकवून गेले. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करा. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनची पुरवणी याचसाठी असते. आणि पुरानंतरच्या दोन-तीन वर्षांत सेकंड-हँड गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी कितीही धुवा, पट्ट्याच्या त्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला कोपराही बघा.

पंधरावं वर्ष

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली म्हणजे गाडी भंगारात, असा समज अजून आहे. तो दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरला. तिथे न्यायालयीन आदेशांनी डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची रेघ ओढली गेली. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते.

मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, फॉर्म २५. मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५मध्ये ते १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर दर महिन्याला भर पडते. जाण्याआधी पीयूसी आणि विमा चालू आहे का बघा, एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घ्या, आणि सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक स्वतः तपासा. माझ्या गाडीला इन्स्पेक्टरने बोनेट उघडून चासी नंबरचा ठसा घ्यायला सांगितला आणि त्यावर इतका मळ होता की वाचता येईना. एजंटने रॉकेलचा बोळा फिरवायचे दोनशे मागितले. घरून घासून न्या.

विम्यात पाच वर्षांनंतर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, तुमच्यात आणि कंपनीत ठरते. एजंट हप्ता कमी दाखवायला ती पार खाली आणतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नुकसान झालं तर तेवढेच पैसे मिळतात, म्हणून बाजारभावाच्या जवळची धरा.

कधी सोडायची

दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आलं की विका, हा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. लाखाच्या गाडीला ऐंशी हजारांचं इंजिनकाम करून ती आणखी पाच वर्षं चालणार असेल, तर ऐंशी हजारांत पाच वर्षं कुठली दुसरी गाडी मिळणार? मी गाडी सोडीन ती तीन कारणांनी. एक, सांगाड्याला गंज लागला, म्हणजे चासीचे मेंबर, सस्पेन्शन जिथे बसतं ते माउंट, दाराखालची पट्टी. वरच्या पत्र्याचा गंज कापून वेल्डिंग करता येतो, सांगाड्याचा करून घेऊ नये. दुसरं, ती दगा द्यायला लागली आणि मिस्त्रीला कारण सापडत नाही. वायरिंगमधली अशी मधूनच येणारी दुखणी पैसा नाही, माणसाचा विश्वास खातात. तिसरं कारण सुरक्षेचं: माझ्या २००९च्या गाडीत एअरबॅग नाहीत. मुलगी गाडी शिकायला लागली तेव्हा तिच्यासाठी दुसरी बघितली, ही माझ्याकडे ठेवली.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चाव्या दिल्या की काम संपलं असं समजू नका. कर्ज फेडलेलं असेल तर आधी आरसीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ने उतरवा. घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, पैसे मिळाल्याची पावती आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद स्वतःजवळ ठेवा. सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा, कारण तोवर त्या गाडीची चलनं तुमच्याच फोनवर येतात.